एकटीपुरता उजेड

कुरखेडा, फाल्गुन शुद्ध तृतीया, १९५६

मार्कंड्याच्या जत्रेतून बॅटरी मीच निवडून आणली. तीन सेलची महाग, म्हणून दोन सेलची घेतली, मुठीत मावणारी. सासूबाईंनाही आवडली. किती फुशारले होते मी.

रोज तिन्हीसांजेला शेजारची सखू कंदील घेऊन यायची आणि आम्ही दोघी परसाकडे जायचो. दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच. आज तिनं हाक मारली, तर सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "तिच्यापाशी आता बॅटरी आहे. सोबत काऊन पायजे?"

सखू गेली. मग मी एकटी गेले, एकटी आले. उद्याही तसंच का?

जत्रेत दुकानदाराला मीच खोदून विचारलं होतं, सेल लवकर तर संपत नाहीत ना.

"खूप दिवस चालते, बाई."

किती बरं वाटलं होतं तेव्हा.