हातशिलाईच्या चौदा गोण्या

९ मार्च, सोमवार
पोलंडचा कंटेनर सकाळी वाळूजच्या गोदामात आला. बटाट्याचा स्टार्च, आठशे गोण्या. बंदरावरचे कागद, लेबलं, अन्न तपासणीचा नमुना, सगळं पहिल्यांदाच एकटीनं केलं. रिपोर्ट पास. साहेब म्हणाले, "एकही शेरा नाही? वा." त्यांचं 'वा' दुर्मीळ आहे.
पप्पांना फोन केला तर ते शिफ्टवर. मशिनच्या आवाजात शेजारच्याला ओरडून सांगत होते, "आमची पोरगी पोलंडवरून माल आणती!"
उतरवताना चौदा गोण्या फाटल्या, बराच माल जमिनीवर गेला. मुकादम रशीदचाचांनी विचारलं, काय करायचं? म्हटलं, सांडलेला टाकून द्या, उरलेला कोऱ्या गोण्यांत भरा, वजन पूर्ण करून शिवा. आणि गेटवर सही करायला पळाले.

१० मार्च
दोनशे गोण्या सकाळी पुण्याला रवाना. आपला माल निघाला की उगाच ट्रकच्या मागे बघत राहावंसं वाटतं.
नव्यानं शिवलेल्या एका गोणीतला ओंजळभर स्टार्च आईसाठी आणला. ती उन्हाळ्यात ऑर्डरीच्या कुरडया करते. याचा चीक कसा होतो ते तिला बघायचं होतं.
शिजवून मला हाक मारली. "हे बटाट्याचं नाय."
"आई, पोलंडचं आहे ते."
"कुठलं का असंना. बटाट्याचं शिजलं की काचंवानी दिसतं. हे दुधावानी झालंय. यात गहू हाय."
मोबाइलवर रिपोर्ट दाखवला. म्हणाली, "व्हय, पण हा शिजवून बघितला का कुणी?"
हसले. मात्र उरलेला स्टार्च पुडीत बांधून पर्समध्ये ठेवला.

११ मार्च
गेल्या गेल्या चाचांना गाठलं.
"बेटी, तूने ही तो बोला, वजन पूरा करो. बाजू में खुली गोनी थी, उससे भरती मार दी. सफेद में सफेद."
बाजूची खुली गोणी गव्हाच्या स्टार्चची.
माप कमी पडलं की भरती मारायची, ही इथली रीतच. चाचांनी काही लपवलं नाही, कारण त्यात चूक आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. चूक माझी. जमिनीवर गेलेलं वजन कुठून पूर्ण होणार, हे बी.एस्सी. झालेल्या मुलीनं विचारलं नाही.
पुण्याची कंपनी गहू न सोसणाऱ्या मुलांसाठी पीठ बनवते. अशा मुलाला गहू पोटात गेला तर काय होतं, ते दुपारी वाचलं. पोटदुखी, जुलाब, वाढ खुंटणं. डबा तसाच परत आणला.

१२ मार्च
पोलंडच्या गोण्यांची शिलाई मशिनची, आपली सुतळीची, हातानं. म्हणजे ओळखता येतात. मी आणि चाचा सकाळपासून एकेक थप्पी उतरवत होतो. केस, भुवया सगळं पांढरं. चाचा म्हणाले, "अब तू मेरी उमर की दिखती है." खूप दिवसांनी इतकी हसले.
मिळाल्या अकरा. दोनदा मोजल्या. पुन्हा अकरा.
उरलेल्या तीन मंगळवारच्या ट्रकमध्ये गेल्या. दुसरीकडे जायला जागाच नाही.
साहेबांना सांगितलं. ऐकून घेतलं, मग पंखा वाढवला. "रिपोर्ट पास आहे ना?"
"तो भरती मारायच्या आधीच्या नमुन्याचा आहे, सर."
"दोनशेत तीन. कुणाला कळणार आहे?"
"मला कळलंय."
"गिऱ्हाईक गेलं तर तुझी नोकरी राहील असं वाटतं तुला?"
घरी येऊन साहेबांच्या नावे साध्या मराठीत अर्ज लिहिला. काय झालं, कुणाच्या सांगण्यावरून झालं (माझ्या), तीन गोण्या कशा ओळखायच्या. चाचांचं नाव कुठंही घातलं नाही. शेवटी लिहिलं: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आपण पुण्याच्या कंपनीला कळवलं नाही, तर मी कळवीन.
पप्पांनी वाचला. ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू. "नोकरी दुसरी बघता येईल," एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. या नोकरीचे पेढे त्यांनी अख्ख्या गल्लीत वाटले होते.

१३ मार्च, शुक्रवार
अर्ज साडेदहाला टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, घडी घातली, उघडला, पुन्हा वाचला. पावणेबाराला हाक आली. गेले तर त्यांनी पुण्याचा नंबर लावलेला. रिंग जात होती. फोन माझ्या हातात दिला. "तुझी चूक. तूच सांग."
तिकडे गुणवत्ता तपासणीच्या मॅडम. सगळं एका दमात सांगितलं.
"सुतळीची शिलाई म्हणालात?"
"हो."
"सकाळपासून लाइन चालू आहे. त्या गोण्या ओतल्या का, बघायला लागेल. लाइन बंद करतेय." मग कुणाला तरी ओरडून काही सांगितलं. "हे सगळं लेखी द्या. तुमचं पूर्ण नाव?"
सांगितलं.
"पद?"
साहेब माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, "अजून तरी, आयात सहायक."