आत्याबाईच्या वाफेविषयी आणि माझ्या मालमत्तेविषयी

वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे असलेली दिनदर्शिका चाळताना एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. थंडीच्या महिन्यांतले इंजिन पांढऱ्या ढगात निम्मे बुडालेले असते. तेच इंजिन त्याच चढणीवर भर उन्हाळ्यात पाहावे, तर चिमणीवर जेमतेम एक झिरझिरीत पट्टा. उन्हाळ्यात इंजिन आळशी होते काय? मुळीच नाही. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. दिसतात ते ती गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. हवा थंड असली की ते पुष्कळ होतात आणि रेंगाळतात. हवा तापलेली व कोरडी असली की ती ते पाहता पाहता पिऊन टाकते. हे साधे शास्त्र मी आयुष्यभर आनंदाने शिकवले. माझ्या मालमत्तेची फेरव्यवस्था याच शास्त्रामुळे करावी लागत आहे, म्हणून ते प्रारंभीच नोंदवते. वकीलसाहेबांनी “मृत्युपत्रात हे कशाला, बाई?” असे विचारले होते. परिच्छेद राहू दिला, याबद्दल त्यांची आभारी आहे.

मी, खाली सही करणारी, सेवानिवृत्त पदार्थविज्ञान शिक्षिका, अविवाहित, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी कानाला लागलेले नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. पूर्वीच्या मृत्युपत्राने मी माझे सर्व काही जुन्या इंजिनांच्या जतन केंद्राला, म्हणजे व्यवहारतः त्याचे संचालक असलेल्या माझ्या भाऊजींना दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. रद्द करण्याचे कारण. केंद्रात दोन इंजिने आहेत. मोठे ते ‘आत्याबाई’, कारण ते सकाळी तापायला फार वेळ लावते आणि सगळ्यांना ताटकळत ठेवते. छोटे ते ‘ठमी’. आत्याबाईची छायाचित्रे मी निवृत्तीच्याही आधीपासून, विनामोबदला काढत आले. तिच्या बॉयलरच्या दुरुस्तीसाठी देणग्या मागणारी पत्रके माझ्या छायाचित्रांवर आणि माझ्या सहीने निघाली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ‘बाई सांगतात म्हणजे खरेच असणार’ म्हणून पैसे दिले.

गेल्या दोन मोसमांत भाऊजींनी माझी जागा बदलली. “तू आता वळणावर उभी राहा, लांबचं भिंग लाव. प्रकाश समोरून येतो.” प्रकाश खरोखरच चांगला होता. भर उन्हाळ्यातल्या कॅमेऱ्याच्या फिती मी मागच्या खोलीत धुतल्या, कागदावर काढलेले ठसे वाळत घातले आणि पाहतच राहिले. अंगाची लाही होणाऱ्या दुपारी आत्याबाईवर थंडीच्या पहाटेचा ढग होता. शिवाय खऱ्या वाफेत तोंडाशी थोडी मोकळी, नितळ जागा राहते, कारण थेंब व्हायला क्षणभर लागतो. इथे पांढरेपणा थेट चिमणीच्या कडेपासून सुरू होत होता.

माझी भाची, म्हणजे भाऊजींचीच मुलगी, केंद्राच्या कारखान्यात फिटर आहे. मी तिला बोलावून ठसे समोर ठेवले.

“मावशी, तू विचारू नकोस आणि मला खोटं बोलायला लावू नकोस.”

“एवढंच सांग, आग पेटते का?”

“नाही पेटत. बॉयलर कापला, नळ्या भंगारात गेल्या. चिमणीत नाटकवाल्यांचं धुराचं यंत्र बसवलंय आणि शेवटच्या डब्याआडून डिझेल इंजिन ढकलतं. वळणावरून ते दिसत नाही.”

“ताईला ठाऊक आहे?”

“त्या यंत्राची खोळ आईनंच शिवलीय.”

मी केंद्रात गेले. भाऊजी चहा पीत होते. “अगं, लोकांना पांढरं दिसलं की लोक खूश,” ते म्हणाले. “दोन वर्षं तुला तरी कुठे कळलं? आणि ठमीचंही तेच करायचंय पुढच्या मोसमात. स्वस्तात पडतं.” ताईने बशी पुसता पुसता सांगितले, “तुला सांगितलं असतं तर तू फोटो काढले नसतेस.”

“नसतेच काढले.”

“म्हणून तर नाही सांगितलं. एवढं साधं गणित आहे.”

गणित बरोबर होते. माझ्यासाठी ओतलेला चहा मी तसाच ठेवून आले.

कलम २. ताईस. आईच्या शिवणयंत्रात माझा निम्मा वाटा आहे. तो मी सोडते. यंत्र ताईकडेच राहावे आणि तिने ते रोज वापरावे. माझ्या दिवसांना तिने रडू नये. रडू आलेच तर ते खरे असावे.

कलम ३. भाऊजींस. उन्हाळ्यातल्या त्या दुपारचा सर्वांत मोठा ठसा, चौकटीसह. तांत्रिकदृष्ट्या तो माझ्या उत्तम कामांपैकी आहे, हे मला कबूल करावे लागते. त्यांनी तो बैठकीत लावावा. पाहुण्यांनी वाखाणणी केल्यास त्यांना काय सांगायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

कलम ४. आत्याबाईच्या आत आग होती तोवरच्या सर्व फिती, कॅमेरे, तिपाई आणि मागच्या खोलीतले सामान भाचीस. शेवटच्या दोन मोसमांची एकही फीत केंद्राने छापू नये. ज्यांनी माझ्या शब्दावर देणगी दिली, त्या प्रत्येकाला हे कलम आणि कलम १ टपालाने पाठवावे. टपालखर्च माझा.

कलम ५. बँकेतली शिल्लक भाचीस, ठमीच्या नव्या नळ्यांसाठी. ठमीचा बॉयलर अजून धड आहे. भाची आणि दोन जुने फिटर सुट्टीच्या दिवशी तिच्यावर काम करतात. भाऊजी तिला ‘बापाच्या ताटात खाऊन मावशीची बाजू घेणारी’ म्हणतात. हे तिने मला हसत सांगितले, पण हातातला पाना खाली ठेवला नाही.

कलम ६. घर. ठमी आतल्या खऱ्या आगीवर, स्वतःच्या बळावर केंद्राच्या फाटकापर्यंत गेली, तर घर विकून येणारी रक्कम फिटरांच्या कारखान्याला, भाचीच्या देखरेखीखाली मिळावी. संचालकांच्या हाती ती जाऊ नये. ठमीचेही पोट कापले गेले, तर घर माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेला जावे. निवाडा करण्यासाठी मी माझे जुने सहकारी, रसायनाचे सर, यांना व्यवस्थापक नेमते; तोवर घराची किल्ली त्यांच्याकडे राहील. आमचे एकाही प्रश्नपत्रिकेवर कधी एकमत झाले नाही, म्हणजे ते कोणाच्या गोड बोलण्याला भुलणार नाहीत.

हे सर्व मी वाचून पाहिले, तीन शब्द खोडले आणि साक्षीदारांदेखत सही केली.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
तारीख: सहीखाली हाताने घातली आहे
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)
साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या परिचारिका (सही)

परिशिष्ट. कलम ६ ची चाचणी, व्यवस्थापकांसाठी.

सर, तुम्ही इंजिनाजवळ कधी उभे राहिला नाहीत, म्हणून आधी घरी करून पाहा. पेटलेल्या शेगडीच्या वरच्या हवेतून पलीकडच्या खिडकीची चौकट पाहा. कड पाण्यात धरल्यासारखी थरथरेल. तापलेली हवा विरळ होते आणि प्रकाश वाकवते. शेगडी विझवून, ती गार झाल्यावर पुन्हा पाहा. कड सरळ दिसेल.

मग ठमीकडे जा. ऊन चढण्याआधी जा, कारण उन्हाने तापलेल्या पत्र्यावरही हवा हलते. पांढऱ्या ढगाकडे बघू नका. चिमणीच्या लगत वर, जिथे काहीच दिसत नाही, त्या हवेतून मागचा दिव्याचा खांब पाहा. खांबाची कड थरथरत असेल तर आत आग आहे. स्थिर असेल, तर कोणाशीही न बोलता घराची किल्ली खिशातच ठेवून परत या.