नऊ हातांचा बोगदा

ओढेगाव, ता. पाथरी
फाल्गुन वद्य ३, शके १८५८

ती. सौ. कावेरीअक्काचे चरणी विष्णूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझा धाकटा भाऊ थोर माणूस झाला आहे. ही बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याचा संभव नाही, म्हणून मीच कळवतो.

आमच्या रुळाखालचा बोगदा मंजूर झाला. तीन वर्षांत मी सात अर्ज्या केल्या. सातवी मी कचेरीची भाषा म्हणून अस्सल उर्दूत लिहिली होती. तहसिलीत कागद हाताळणाऱ्या पेशकाराने ती वाचून हसता हसता डोळे पुसले आणि दया येऊन स्वतःच्या हाताने दुसरी लिहून दिली. मंजूर झाली ती त्याची. गावात मात्र मी माझीच म्हणून सांगतो.

अर्ज्यांचे कारण तू जाणतेसच. इंजिन ओढ्याजवळच्या टाकीवर पाणी प्यायला थांबते आणि मागची मालगाडी आमच्या वाटेवर आडवी पडून राहते. अर्धे गाव अलीकडे, अर्धे पलीकडे. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी विमलाला कळा सुरू झाल्या, तेव्हा बायनाबाई सुईण पलीकडे येऊन उभी होती आणि मध्ये एक्केचाळीस डबे होते. ती डब्यांखालून यायला वाकली, तर गार्डाने हाकलले. आदल्याच साली तिथे एका गुराख्याचा पाय गेला होता. त्या दिवशी इंजिनाचेही काही बिघडले आणि गाडी दोन तास हलली नाही. हलली तेव्हा आमचे मूल राहिले नव्हते. मी तेवढा वेळ डबे मोजत होतो. मास्तराला दुसरे काय येते?

आता विमलाला पुन्हा तिसरा महिना आहे. आश्विनाच्या सुमारास होईल. त्याच्या आत बोगदा व्हावा एवढीच माझी इच्छा आहे. बाकी थोरपणा वरकड.

काल इंजिनेरसाहेब माप घ्यायला आले. रुळांपासून खाली सहा हात उंची मिळते, भरली बैलगाडी सहज जाईल, असे त्यांचे म्हणणे. पण बोगदा झाला की वरची वाट तारा ठोकून बंद होणार, म्हणजे चैत्रात महादेवाची काठी खालूनच न्यावी लागणार. काठी आहे नऊ हातांची. पाटलांच्या दारातून उठली की पलीकडच्या देवळापर्यंत ती तिरपी करायची नाही, हा रिवाज. साहेब म्हणाले, थोडी कलती करा. व्यंकटराव पाटील म्हणाले की काठी आजवर कोण्या बादशहापुढं वाकली न्हाई, रुळापुढं काय म्हणून वाकंल. यातला बादशहा मी साहेबांना सांगताना गाळला, कारण मला मास्तरकी टिकवायची आहे.

साहेबांनी समजावले की रूळ काही वर उचलता येणार नाहीत, तीन हात हवे तर खाली खणावे लागेल, मग पाण्याचे काय? सगळे पाटलांकडे पाहू लागले. तेव्हा मी पुढे झालो आणि सांगितले की ही काळी माती आहे, दोन दिवसांत सगळे पाणी पिऊन टाकील. साहेबांनी ते कागदावर लिहून घेतले आणि खाली माझी सही घेतली. सही फार झोकदार आली.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर थोर माणसाला पेलवणार नाही.

तुझा
विष्णू

परभणी
फाल्गुन वद्य ११, शके १८५८

चि. विष्णूस अनेक आशीर्वाद. पत्र पावले. विमलाची बातमी वाचून देवापुढे साखर ठेवली. तुझ्या थोरपणाची वाचून काही ठेवले नाही.

यांनी तुझे पत्र दोनदा वाचले. कचेरीत बसून बसून यांना प्रत्येक कागदात खोट शोधायची सवय लागली आहे. म्हणाले की, विष्णूला विचार, काळी माती पाणी पिते की धरून ठेवते? धरून ठेवत असेल तर मग विहिरीवर मोट कशाला चालवतात असे मी म्हटले, तर नुसते हसले. शेतकऱ्यांच्या गावात वीस वर्षे मास्तरकी करून मातीवर सही देणारा तूच पहिला. लहानपणी अंगणात कमळे लावायची म्हणून तू खड्डा खणला होतास आणि त्यात शेजाऱ्यांचे वासरू पडले होते. तेव्हाही तू पुढे होऊन खात्रीने बोलला होतास.

थट्टा पुरे. सातव्या महिन्यात विमलाला इकडे आणून सोड. इथे सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टर आहे, आणि माझ्या घरापासून तिथपर्यंत मध्ये एकही रूळ नाही. तिची आई हयात नाही, तेव्हा पहिला हक्क माझा. मागच्या वेळी तिला आणायला धाडलेले माझे मूळ पोचायला उशीर झाला, तो सल अजून जात नाही. या वेळी उशीर करू नकोस.

इकडे सर्व खुशाल. जिवाला जपावे, आणि सह्या कमी कराव्यात.

तुझी
अक्का

ओढेगाव
ज्येष्ठ शुद्ध १२, शके १८५९

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि. तुझे पत्र विमलाने मला मोठ्याने वाचून दाखवले. वासराचा मजकूर तिने तीनदा वाचला.

बोगद्याचे काम जोरात चालले आहे. दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती कमरेपर्यंत आल्या. मी रोज शाळा सुटली की छत्री घेऊन देखरेखीला जातो. मुकादम सटवाजीने माझ्यासाठी एक दगड राखून ठेवला आहे. मी त्याच्यावर बसून सूचना करतो आणि तो माना डोलावतो. परवा मला कळले, तो एका कानाने ठार बहिरा आहे आणि दगड त्याने त्याच कानाकडे ठेवला आहे.

चैत्रात काठी रुळांवरून शेवटची गेली. व्यंकटरावांनी रुळांना हळदकुंकू वाहिले आणि सर्वांसमोर माझे नाव घेतले. मी फुगलो. शेजारी भुजंग उभा होता. शेतात हयात गेलेला माणूस. तो हळूच म्हणाला की मास्तर, काळ्या रानात पाऊस झाला की आमी चार दिवस पाऊल टाकत न्हाई, अन् तुमी तिथं खड्डा करायलाव. मग आधी का बोलला नाहीस असे विचारले, तर म्हणतो की तुमी सही लय जोरात केली, मला वाटलं पुस्तकात असंल.

विमलाचे परभणीला यायचे जमेलसे दिसत नाही. बायनाबाईशिवाय कोणाचा हात नको असे ती म्हणते. मागच्या महिन्यात बायनाबाई पोट पाहून गेली. सर्व ठीक आहे म्हणाली. पण विमलाने पुढे केलेले गूळपाणी तिने घेतले नाही आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली. म्हातारपणी माणूस तुसडे होते, झाले.

खरे सांगायचे तर यायचे न जमण्याचे आणखी एक कारण आहे. बाळंतपणासाठी बोगदा हवा म्हणून मी तीन वर्षे तहसिलीचे उंबरे झिजवले. आता बोगदा होत असताना मीच बायकोला परभणीला धाडली, तर गाव काय म्हणेल? मास्तरालाच आपल्या बोगद्याचा भरवसा नाही, असेच ना? तू समजून घेशील.

भाऊजींना सांग, मातीविषयी अजून काही सिद्ध झालेले नाही. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
विष्णू

परभणी
आषाढ शुद्ध २, शके १८५९

चि. विष्णूस आशीर्वाद. मी समजून घेतले नाही.

आश्विनात परीक्षा बोगद्याची आहे की विमलाची? गाव काय म्हणेल ते म्हणो, गाव बाळंत होणार नाही. तू स्वतःची थट्टा फार छान करतोस. लहानपणापासून करतोस. कोणी रागावायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यायचे म्हणजे मग रागावणाऱ्याला काही उरत नाही, हे तुझे कसब मला ठाऊक आहे. या वेळी ते माझ्यापुढे चालायचे नाही. मी रागावलेली आहे आणि राहणार.

विमलाला विचार, तिला खरोखर बायनाबाई हवी आहे, की तुझा हिरमोड करवत नाही म्हणून ती तसे म्हणते. विचारून मला लिही. आशीर्वाद आहेतच, पण रागासकट घे.

अक्का

ओढेगाव
भाद्रपद वद्य ४, शके १८५९

ती. सौ. अक्काचे पायी विष्णूचे मस्तक. वि. वि. इतके दिवस पत्र लिहायची हिंमत झाली नाही.

विमलाला विचारले. तिने आधी सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली की दोन्ही खरे आहे. अक्का, मला लाज वाटली. तिला घेऊन यायचे ठरवले. पण आता पक्षपंधरवडा लागला, आणि व्यंकटरावांपासून आमच्या शेजारणीपर्यंत प्रत्येक जण म्हणतो की पितरांच्या दिवसांत भरल्या दिवसांच्या बाईला घराबाहेर काढू नये. विमलाही ऐकत नाही. म्हणून घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीची गाडी ठरवली आहे. स्टेशनावर भाऊजींना पाठव.

बोगदा सुरू झाला. व्यंकटरावांनी नारळ फोडला आणि काठी मुद्दाम आणवून आतून नेऊन पाहिली. वर चार बोटे जागा राहिली. माणसे टाळ्या वाजवत होती. मी उपरण्याने डोळे पुसले. तुला खोटे कशाला सांगू, तेवढा एक क्षण मला वाटले, जन्माचे सार्थक झाले.

पुढच्याच आठवड्यात यंदाचा पहिला मोठा पाऊस झाला. पाणी गुडघ्याएवढे साचले, आणि आज नऊ दिवस झाले, मातीला तहान लागलेली नाही. गावच्या म्हशी सकाळपासून आत जाऊन बसतात आणि मुले त्यांना मास्तरांच्या म्हशी म्हणतात. शाळेत मी काल क्षेत्रफळ शिकवायला घेतले, तर शेवटच्या रांगेत कोणीतरी हंबरले. मी ऐकले नाही असे दाखवले.

गुडघ्याएवढ्या पाण्यातून माणूस येऊ शकतो, म्हणून काळजी नसावी. रागातला थोडा भाग परत घ्यावा, ही विनंती.

तुझा
विष्णू

ओढेगाव
आश्विन शुद्ध ४, शके १८५९

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आता खाली बस आणि मग पुढचे वाच.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हस्ताचा पाऊस लागला तो थांबेचना. घटस्थापनेला सकाळी ओढ्याला पूर आला आणि दुपारी विमलाच्या कळा सुरू झाल्या. आठ दिवस आधीच. मी छत्री घेऊन धावलो. बोगद्यात माझ्या छातीएवढे पाणी, वर तारांचे कुंपण, आणि कुंपणापलीकडे मालगाडी उभी. त्या क्षणी मला काय वाटले ते लिहीत नाही. थट्टा सुचली नाही एवढेच सांगतो.

पूर पाहून पलीकडे बायनाबाई आपणहून आली होती. उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी, गुडघ्यांनी अधू. मी हाका मारत होतो आणि गाडीच्या वाफेच्या आवाजात त्या तिला ऐकू जात नव्हत्या. तेवढ्यात भुजंग त्याच्या गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील डोक्यावर घेऊन आला. पुरात नदी ओलांडतात तशी ती पाण्यात सोडली. तो, सटवाजी आणि मी आत उतरलो. मला पोहता येत नाही हे मला पाण्यात गेल्यावर आठवले. मागून आणखी कोणी उतरले म्हणून वळून पाहतो, तर व्यंकटराव, पागोट्यासकट.

बायनाबाईला काहिलीत बसवले. आम्ही चौघे कडा धरून ढकलत होतो, डोक्यावर मालगाडी उभी होती, आणि ती काठ येईपर्यंत मला शिव्या देत होती. म्हणे मास्तर, लेकरायला शाळेत हेच गणित शिकवायलाव का. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत.

मुलगी पायाळू. पाय आधी आले. बायनाबाई नसती तर काय झाले असते, ते तिने मला नंतर सांगितले. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी कळते म्हणतात. या गावात तिला कष्ट पडणार नाहीत.

व्यंकटराव तोपर्यंत ओल्या धोतराने अंगणातच थांबले होते. रडणे ऐकू आल्यावर म्हणाले की मास्तर, खड्डा बुजवायची अर्जी लिव्हा, काठी आमी तिरपी करू, देव काय लेकरापरीस मोठा न्हाई. मी लिहायला घेतली आहे. या वेळी पेशकाराकडूनच लिहवून घेणार आणि सहीही साधीच करणार.

आता जे सांगायचे ते. मी बायनाबाईला लुगडे-खण द्यायला आत गेलो. ती बाळाला छातीशी धरून बसली होती आणि सोडायला तयार नव्हती. ओलीच होती. मला पाहिले आणि रडायला लागली. म्हणाली की मास्तर, त्या दिवशी मी भेले, गार्ड वरडला अन् मी माघारी फिरले, तसंच घुसायला पायजे व्हतं, तुमचं लेकरू माझ्यापाई गेलं. तीन वर्षे ती हे उरात घेऊन फिरत होती, अक्का. म्हणून आमच्या घरचे गूळपाणी तिच्या घशाखाली उतरत नव्हते. आणि मी तिला तुसडी समजलो.

मी सरकारला सात अर्ज्या लिहिल्या. रूळ ओलांडून तिच्या दारी जाऊन, बायनाबाई, तुझा दोष नव्हता, एवढे चार शब्द मात्र सांगितले नाहीत. त्याला मंजुरी लागत नव्हती आणि बोगदाही लागत नव्हता. ते मी परवा सांगितले, तिच्या पायावर डोके ठेवून. ती मास्तर मास्तर करत पाय ओढून घेत होती. मग विमलाने उशाचे गूळपाणी तिच्यापुढे सरकवले, आणि ती प्याली.

बारशाला तू आणि भाऊजी यावे. नाव तूच ठेवायचेस, आणि राग उरला असेल तर तोही तेव्हाच घेऊन ये. तुझ्या मायेत आता आणखी एकीचा वाटा धर.

तुझा
विष्णू