सिकंदराला सैन्य मिळेना

५ ऑक्टोबर, कॅरी
नागपूरला कॉन्व्हेंटच्या मागच्या जिन्यावर बसून शोभना आणि मी एकाच डब्यातून गूळपोळी खायचो. सातवीच्या नाटकात मी सिकंदर, ती पोरस. पुठ्ठ्याची शिरस्त्राणं बाजूला काढून ठेवलेली, कारण डोकं तापायचं. सिस्टर म्हणायच्या, "किंग्ज डू नॉट लिक देअर फिंगर्स."

इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या दिवाळीत आम्ही तेच नाटक पुन्हा करणार. शोभनाचाच हट्ट. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा सत्यजित तिला दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला आपल्या घरी घेऊन जाणार — कायमचं. इथलं घर विकलं. "मुलाकडे चाललीस, छानच की," सगळे म्हणतात. तीही म्हणते. जरा जास्तच पटकन.

९ ऑक्टोबर
नाटकासाठी मुलांची नावं आली. एकूण एक आईबापांना आपलं मूल पोरसाच्या बाजूला हवं! "मावशी, आमचा अनीश इन्व्हेडर नाही होणार." हत्तींसाठीसुद्धा वेटिंग लिस्ट. जग जिंकायला माझ्याकडे एकटा मनोहर. नवरा आहे म्हणून आला, हौसेने नव्हे.

२० ऑक्टोबर
मंडळाचा सेक्रेटरी प्रथमेश म्हणाला, "मावशी, एंडिंग चेंज करूया ना. पोरस जिंकू दे. ऑडियन्सला आवडेल यार." मी म्हटलं, अरे, इतिहास आहे. "म्हणजे फायनल?"
शोभना म्हणाली, "हरू दे मला. हरल्यावर राज्य परत मिळतं, तेवढंच त्यात बरं आहे."
येताना गाडीत सिग्नलला म्हणाली, "अल्फारेटाच्या खोलीला खिडकी आहे म्हणे."

२६ ऑक्टोबर
नात निधी पोरसाकडून फुटली. दोन सामोसे आणि एक तलवार द्यावी लागली. "आजी, आय ॲम विथ यू. बट आय वॉन्ट अ हॉर्स." घोडदळ मिळालं.

२ नोव्हेंबर
झेलमची लढाई झाली. हत्तींनी मनोहरला इतकं तुडवलं की बिचारा पुन्हा पुन्हा मेला. तरी ठरल्याप्रमाणे मी जिंकले. शोभनाला तोरणाने बांधून आणलं. मी खणखणीत विचारलं, "बोल पोरसा, तुला कसं वागवू?"
उत्तर तिला सातवीपासून पाठ. पण ती पुढच्या रांगेकडे बघत राहिली. विंगेतून प्रथमेश, "राजासारखं! मावशी, राजासारखं!"
ती हळूच म्हणाली, "तुझ्याकडे राहू दे ना गं."
माईक चालू होता. हॉल हसला. पुढच्या रांगेतला सत्यजित हसला नाही.
मी म्हटलं, "दिलं."
मनोहर मेल्या मेल्या जमिनीवरूनच म्हणाला, "खालच्या खोलीत नुसतं ट्रेडमिल आहे."

३ नोव्हेंबर
सत्यजित सकाळी आला. आईची बॅग त्यानेच गाडीतून काढून आत आणली. चहा दोनदा घेतला.
आता वाटणी. खालची खोली शोभनाला, बाथरूमसकट. ट्रेडमिल गराजला. तलवार निधीकडेच, पण घरात चालवायची नाही. सत्यजितला दर महिन्यात एका वीकेंडला आई — रविवारी परत आणून सोडायच्या बोलीवर.