मडगार्डावरची दांडी

धाकट्या,

बाबांना दवाखान्यातून आणायला निघालेय. तू घोरत होतास, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय, गीळ.

ग्राइंडरची चकती शोधत बसू नकोस, माझ्या पर्समध्ये आहे. बाबांचा जुना ट्रॅक्टर पहिल्यासारखा अस्सल करायचाय, कबूल. टूलबॉक्सच्या झाकणाआतला जुना लाल बघून तू तस्साच रंग जुळवून आणलास, मूळचे दिवे शोधलेस, तेव्हा गावभर तुझं कौतुक मीच सांगत फिरले. पण मडगार्डावरची दांडी कापायची? का, तर म्हणे कंपनीच्या चित्रात ती नाही! चित्रात आईही नाही, गाढवा. ती तिथे बसायची, खड्डा आला की घसरायची, म्हणून बाबांनी ती दांडी स्वतः वेल्डिंग करून बसवली. तू तेव्हा तिच्या पोटात होतास. आई गेल्यापासून बाबा त्या दांडीला हात लावल्याशिवाय ट्रॅक्टरवर चढलेले नाहीत.

डॉक्टर काल म्हणाले, बाबांची नजर परत येणार नाही. तुला सांगायला तोंड उघडलं नाही माझं. तुझा लाल रंग त्यांना दिसणार नाही रे. ते हातानेच बघतील.

दांडीला रंग लावू नकोस, घासू नकोस. नुसती फडक्याने पूस. आणि ट्रॅक्टर दारात उभा कर, दांडी आमच्या बाजूला येईल असा.

ताई