हिरव्या मोटारीची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मोटारींच्या सीटा शिवणे (आता बंद), राहणार स्वतःच्याच घरी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने, भरीस घातल्याने किंवा गोड बोलण्याने नव्हे, तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. ‘गोड बोलण्याने’ हे शब्द माझे. वकिलाच्या नमुन्यात ते नव्हते. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर वेगळे. पुढे ज्यांचा उल्लेख वारंवार येईल ते दातांचे डॉक्टर. दाखला त्यांनीही देऊ केला होता, पण माझ्या डोक्याबद्दल त्यांचे मत मागच्या वर्षी दोन दिवसांत दोनदा बदलले, म्हणून घेतला नाही.

यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले रागात केले होते, दुसरे इस्पितळात.

१. घर. राहते घर, मागचे अंगण आणि पुढची कारखान्याची खोली, हे सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. अट एकच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीन ते सहा पुढची खोली जुन्या मोटारींच्या मंडळासाठी उघडी ठेवावी. मुलगी म्हणते, “आई, ती म्हातारी माणसं फोटो बघणार, चहा पिणार आणि तेच तेच बोलणार. घरी बोलत नाहीत का?” घरी कोणी ऐकत नाही, म्हणून तर इथे येतात. मंडळात निदान दोघे आहेत तोवर खोली त्यांची. एकच उरला की अट संपली. एकट्या माणसाचे मंडळ होत नाही. मात्र त्या एकट्याला लगेच बाहेर काढू नये. एक चहा द्यावा.

२. अवजारे. चामडे शिवायचे जड मशीन, सगळ्या सुया, दाभण आणि मोठी कातर मागच्या गल्लीत पिशव्या शिवणाऱ्या बाईला द्यावीत. तिने कधी मागितली नाहीत. पण मशीन बंद असतानाही ती येऊन त्याला तेल घालून जाते. माझ्या यजमानांच्या पत्रा ठोकायच्या सात लाकडी मोगऱ्या पुतण्याने ‘दोन दिवसांसाठी’ नेल्या, त्याला एकोणीस वर्षे झाली. त्या मी त्यालाच देत आहे. निदान यापुढे तरी त्या त्याच्याकडे कायदेशीरपणे राहतील. गॅस कटर शोधू नये. तो या घरात नाही. का नाही, ते कलम चारमध्ये आहे.

३. बँकेत जे काही असेल ते मुलीला. त्यात भांडण्यासारखे काही नाही, आणि भांडायला दुसरे कोणी नाही.

४. कोच. पुढच्या खोलीत भिंतीला लागून जो लांब, बुटका, चट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा कोच आहे, त्याची हकीकत लिहिल्याशिवाय तो कोणाला देता येत नाही. म्हणून हे कलम लांबणार. वकील म्हणाले, एवढे नको. त्यांना म्हटले, मरणार कोण आहे?

मी सव्वीस वर्षांची असताना गिरणीच्या मालकीणबाईंनी आम्हा दोघांना बंगल्यावर बोलावले. यजमान पत्र्याचे काम करत, मी सीटांचे. मालक महिन्यापूर्वीच वारले होते. अंगणात त्यांची मोटार उभी होती. युद्धाच्या आधी बोटीने आणलेली, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, आणि एवढी लांब की पुढचा दिवा एका सावलीत आणि मागचे चाक दुसऱ्या सावलीत. अशी मोटार या गावात एकच होती. आम्हाला वाटले, दुरुस्ती असेल.

“कापायची आहे,” बाई म्हणाल्या.

यजमान म्हणाले, “बाई, विका ना. घेणारे रांग लावतील.”

“विकली तर रस्त्यात परत दिसेल. तीस वर्षं ती रस्त्यातून गेली की लोक आत कोण बसलंय ते बघायचे, आणि मग माझ्याकडे बघायचे.”

आत त्या बसलेल्या नसत, एवढे गावाला ठाऊक होते. कोण बसे तेही ठाऊक होते. आम्ही पुढे काही विचारले नाही.

तीन दिवस काम चालले. बाई खुर्ची टाकून समोर बसून होत्या; जेवणही तिथेच मागवत. यजमान मडगार्डवरून हात फिरवत म्हणाले, “अगं, कुठं जोडच सापडत नाही. कुठून सुरुवात करू?” त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारींचे पोचे काढले होते, पोचा नसलेल्या पत्र्याला ज्योत लावायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपले तेव्हा ते नळाखाली हात धूत उभे राहिले, ते बाईंनी नळ बंद करायला सांगेपर्यंत. कटर त्यांनी तिथेच अंगणात सोडला. पुन्हा कधी धरला नाही.

मागची सीट मला जाळायला सांगितली होती. मी हो म्हटले आणि हातगाडीवर घालून घरी आणली. इतके चांगले चामडे जाळणारी बाई मी नव्हे. चार पाय लावले, दोन हात बसवले, वरून चट्ट्यापट्ट्यांचे कापड शिवले आणि कोच झाला. मालकीणबाईंना दिलेला शब्द मी मोडला, हे इथे कबूल करते. त्या आता नाहीत. भेट झालीच तर त्यांच्याशी मी बोलेन.

यजमान जाऊन दोन वर्षे झाल्यावर दातांचे डॉक्टर एका जुन्या मोटारीची सीट शिवायला घेऊन आले. त्याच कोचावर बसले, खिशातून पाकीट काढले आणि मला एक फोटो दाखवला. म्हणाले, “ही मोटार मी शोधतोय. सदतीस फोटो जमवलेत, मोटार मिळत नाही.” मी हातातला चहा खाली ठेवला. ते पुढे म्हणाले, “लोक म्हणतात, कोण्या हरामखोराने कापली. तो सापडू दे. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात भूल न देता काढतो.” त्यांच्या डोक्यावर भिंतीला यजमानांचा फोटो होता. त्यात ते सगळे दात दाखवून हसत आहेत.

त्या दिवशी मी गप्प बसले. एकदा गप्प बसले की दुसऱ्या दिवशी बोलणे आणखी अवघड होते, आणि वीस वर्षांनी तर आपण कशाबद्दल गप्प आहोत हेही लोकांना सुरुवातीपासून सांगावे लागते. डॉक्टर मित्रांना आणू लागले, त्यांचे मंडळ झाले आणि मंडळाला माझी खोली आवडली. सातआठ माणसे, डॉक्टर सोडून सगळी निवृत्त. फोटो रुमालाने धरून एकमेकांना देतात; अलीकडे फोनवरही दाखवतात, पण तेव्हा कोणाचा तरी नातू मध्येच दिसतो. स्वतःच्या बायकोचा वाढदिवस न आठवणाऱ्या माणसाला एकोणीसशे छत्तीसच्या मोटारीच्या चाकाला तारा किती, हे आठवते. मला ते सीटवाल्या काकू म्हणतात. त्यातले दोघे माझ्यापेक्षा मोठे आहेत.

डॉक्टरांची आठवण अशी, की शाळेसमोर ती हिरवी मोटार थांबली आणि त्यांनी मडगार्डला हात लावला. ही पहिल्या वर्षीची. पाचव्या वर्षी ते आत बसले. दहाव्या वर्षापर्यंत ड्रायव्हरने त्यांना हॉर्न वाजवू दिला होता. मी कधी टोकले नाही. आठवण जुन्या सीटसारखीच असते, दर काही वर्षांनी आत थोडे भरावे लागते. मंडळातल्या, पूर्वी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी तर ती मोटार बंदरावर जहाजात चढताना स्वतः पाहिली होती. आम्ही कापल्यानंतर चार वर्षांनी. ते वर्ष सांगताना त्यांचा आवाज इतका ठाम असे की मलाच वाटे, आपण कापली ती कोणती?

मागच्या वर्षी परदेशातल्या कोण्या गृहस्थाने डॉक्टरांना एक फोटो पाठवला. शेडमध्ये ताडपत्रीखाली एक हिरवी मोटार, मागचा भाग तेवढा दिसतो. डॉक्टरांनी दवाखाना विकायला काढला. वयाच्या सत्तराव्या वर्षी ते मोटार आणायला निघाले. त्यांची बायको माझ्याकडे आली. म्हणाली, “काकू, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकायला आधी माझा फोटो युद्धापूर्वीचा असावा लागेल.” हसली, आणि हसताहसता रडायला लागली.

तेव्हा मी पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितले. मोटार नाही. आम्ही कापली. मी आणि माझ्या यजमानांनी, तीन दिवसांत.

मग डॉक्टर हसले. “काकू, तुमची गल्लत होतेय. ती दुसरी कुठली तरी असणार.”

“गावात दुसरी कुठे होती?”

“पण मग मी बंदरावर काय पाहिलं?” घड्याळजी उभे राहिले. “मी खोटं बोलतो का?”

“तुम्ही खोटं नाही बोलत. तुम्ही चुकीचं बोलता.”

“काकूंना बरं नाहीये,” कोणीतरी हळूच म्हणाले. मग घड्याळजींनी प्रश्न मताला टाकला. कोच उलटा करा, म्हणजे कळेल, असे सांगायला मी तोंड उघडले तोवर हात वर झाले होते. शिवाय त्यातले चौघे कोचावरच बसले होते. मंडळाच्या वहीत त्या तारखेला लिहिले आहे: ‘हिरवी मोटार सुस्थितीत अस्तित्वात आहे, असे एकमताने ठरले. चहा सीटवाल्या काकूंकडून.’

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एकटे आले. कोचावर बसले नाहीत, समोर उभे राहिले.

“काकू, सीट तुम्ही टाकून दिली नसणार. हाच ना?”

मी कातर घेतली आणि एक वीतभर शिवण उसवली. आत तपकिरी चामडे होते, पन्नास वर्षांनीही मऊ. त्यांनी खाली बसून हात आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“मी त्या मोटारीला कधी हात लावला नव्हता,” ते म्हणाले. “शाळेच्या गजांतून बघितली होती. एकदाच.”

मी म्हटले, “माहीत आहे.”

“यजमानांना वाईट वाटलं होतं का?”

“ते मरेपर्यंत या कोचावर बसले नाहीत. जमिनीवर बसायचे.”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. दातांचे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंडळात पुन्हा हे काढू नका. घड्याळजी ब्याऐंशीचे आहेत. त्यांना घरात कोणी किती वाजले तेसुद्धा विचारत नाही. शोधायला काही नसेल तर ते कशाला चार पायऱ्या चढून येतील?”

मी सुई-दोरा घेऊन शिवण परत घातली. दवाखाना विकला गेला नाही. मंडळाला कळवले गेले की परदेशचा प्रवास गुडघ्यामुळे पुढे ढकलला आहे. डॉक्टरांचे गुडघे उत्तम आहेत.

सबब, सदर कोच मी दातांच्या डॉक्टरांना देत आहे. मालकी त्यांची, मंडळ आहे तोवर जागा मात्र हीच. त्यांच्या बायकोला विचारले आहे. ती म्हणाली, “मोटार येण्यापेक्षा कोच आलेला बरा.” मुलीने कोच ढेकणांच्या नावाखाली अंगणात काढू नये.

५. मंडळाला माझ्याकडून भिंतीतले काचेचे कपाट, फोटो ठेवायला. आणि बारा कप. तेरावा घड्याळजींनी मतदानाच्या दिवशी फोडला. तो मी माफ केला आहे. मतदान मात्र माफ केलेले नाही.

६. डॉक्टरांनी करून दिलेली कवळी माझ्यासोबत जाऊ द्यावी. ती त्यांनी मला यजमानांबद्दल कळण्याच्या आधी करून दिली होती आणि कळल्यावरही सैल झाली तेव्हा नीट बसवून दिली, हे नोंदवून ठेवते.

७. हे मृत्युपत्र बंद पाकिटात राहील. ते फक्त माझी मुलगी आणि दातांचे डॉक्टर यांनी उघडावे. कलम एकमधील खोलीची अट आणि कलम पाच एवढेच मंडळाला वाचून दाखवावे, तेही कप माफ केल्याचे वाक्य गाळून.

साक्षीदारांनी मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, सही माझी आहे एवढे पाहिले की पुरे, असे वकिलांनी सांगितले. कोच ज्यांना दिला त्यांना साक्षीदार होता येत नाही, म्हणून दुसरे शोधावे लागले. हे शेवटचे लिहीत असताना बाकीचे मंडळ पलीकडे फोटो बघत आहे आणि दोघे समोर बसले आहेत: वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी परिचारिका, आणि घड्याळजी. घड्याळजींनी पेन उघडून ठेवले आहे. आत्ताच मला म्हणाले, “काकू, न वाचता करतोय हं सही. तुमच्यावर विश्वास आहे.” आणि मग: “बंदराचा एक फोटो मिळालाय. धुरकट आहे, पण कोपऱ्यात आपलीच आहे. पुढच्या महिन्यात आणू?”

मी म्हटले, “आणा की. जरा मोठा करून आणा, म्हणजे सगळ्यांना दिसेल.”

ते आता सही करत आहेत.

लिहून ठेवणार: सीटवाल्या काकू (पूर्ण नाव व सही पाकिटावर, तसेच प्रत्येक पानाच्या तळाशी)

साक्षीदार १: परिचारिका, वरचा मजला. सही.
साक्षीदार २: घड्याळजी. सही, आणि खाली त्यांच्या अक्षरात: ‘वेळ दुपारी चार वाजून बारा मिनिटे, बरोबर.’

स्थळ: पुढची खोली
दिनांक: ४ फेब्रुवारी २०१८, महिन्याचा पहिला रविवार