घरात घालायला एकही नको?

फेझ

आईच्या हातांची पापी घेऊन तामूचा सलाम.

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

तीन जेलाबे, ते टोपीचे पायघोळ अंगरखे, शिवून पाठव असं तुझं पत्र मिळालं नि लगेच बाजारात गेले. दुपारी ऊन, संध्याकाळी गारवा, अशा दिवसांसाठी अक्रोडी रंगाची पातळ लोकर घेतली. दुकानदार म्हणाला, "बाहेर जायचे जेलाबेच तीन? घरात घालायला झगा एकही नको? तुमची आई घरी बसते की नाही?"

मी हसले, पण तुला तीन जेलाबे कशाला हवेत ते तेव्हा कळलं. उन्हाळा अलालकडे, हिवाळा बुश्ताकडे, असं दोघा भावांनी तुला वाटून घेतलंय. मग मधले हे दिवस कुणाचे? आज शेजारणीकडे, उद्या मावशीकडे, असंच ना? आणि मला लिहितेस, "मुलं फार जपतात." जपतात कसली!

जेलाबे शिवून पाठवतेय. सोबत मऊ सुती कापडाचा झगाही शिवलाय. तो घालून अलालच्या अंगणात बैस आणि सूनबाईला सांग, "चहा ठेव. मी आज कुठेही जाणार नाही."

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
तामू